रिकाम्या हाताची विद्या आणि आपली मुले

सुरत शहरात मराठी माणूस नवा नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा व डिंडोली ह्या भागांत खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने व कापडबाजार ह्यांच्या आधारे संसार करीत आहेत. महानगरपालिका तेथे मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. पोटासाठी गाव सोडून आलेल्या ह्या लोकांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अशा घरांतून आज एक प्रश्न विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते की, शेजारची मुले कराटेच्या वर्गास जातात, मलाही जाऊ द्या. आईबाप विचारात पडतात. आपल्या लेकरास मारामारीची विद्या शिकवावी काय? ते भांडखोर तर होणार नाही ना? तेथे भिंतीवरच्या तसबिरीपुढे वाकावे लागते म्हणतात. ते आपल्या श्रद्धेस धरून आहे काय? हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. म्हणून त्यांचा शांतपणे विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

सुरतेस ह्या विद्यांची ओळख आहे. जपानच्या ताकाशी अझुमा ह्यांनी १९८१ साली ज्या प्रकाराचा पाया घातला, त्या कुडोची अक्षय कुमार ह्या नटाच्या नावाने भरणारी स्पर्धा अनेक वर्षे ह्याच शहरात भरत आली आहे. सुरतेचेच विस्पी खरादी ह्यांनी दोन अवजड खांब दोन्ही हातांनी २ मिनिटे १०.७५ सेकंद आवरून धरिले व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. २०२५ साली ती बातमी जगभर गाजली. असे पराक्रम पाहून मुलांचे डोळे दिपतात आणि आईच्या पोटात गोळा येतो. परंतु विक्रम वेगळा आणि विद्येचा पहिला दिवस वेगळा. परंपरागत कराटेच्या वर्गात पहिल्या दिवशी ठोसा शिकवीत नाहीत, नमस्कार शिकवितात.

ही विद्या मूळची ओकिनावा बेटांची. ज्या कागोशिमा बंदरात १५ ऑगस्ट १५४९ रोजी संत फ्रान्सिस झेवियर जपानमध्ये प्रथम उतरले, त्याच सात्सुमा प्रांताच्या सरदारांनी १६०९ साली ही बेटे जिंकली. तेथील लोकांच्या देशी हस्तविद्येत चीनमधून आलेल्या विद्येची भर पडली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घरच्या अंगणात, चारचौघांच्या नजरेआड, गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. १९०१ साली आंको इतोसु ह्यांच्या खटपटीने ती ओकिनावाच्या शाळेत व्यायाम म्हणून शिरली. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे पेशाने शाळामास्तर. लहानपणी प्रकृतीने ते अगदी अशक्त होते. त्यांनी १९२२ साली टोकियोस जाऊन तिचे प्रात्यक्षिक दाखविले व पुढे ती साऱ्या जपानात पसरली. ‘कराटे’ शब्दातील पहिले अक्षर पूर्वी ‘चीन’ ह्या अर्थाने लिहीत. नंतर तोच उच्चार ठेवून ‘रिकामा’ ह्या अर्थाचे अक्षर योजिले गेले. रिकामा हात, म्हणजे ज्यात शस्त्र नाही असा हात.

आपल्या देशात ह्या विद्येचे वारे १९७०च्या दशकात आले. मुंबईत परवेझ मिस्त्री ह्यांच्यासारख्या शिक्षकांनी तिचा पाया घातला. १९७३ साली निघालेल्या ‘एन्टर द ड्रॅगन’ ह्या चित्रपटाने तरुणांस वेड लाविले. त्यातील ब्रूस ली ह्यांची विद्या मूळची चिनी. परंतु त्यांना पाहून वर्ग भरले ते कराटेचे! चित्रपट पाहून आलेली कित्येक मुले चार आठवड्यांत घरी बसली असतील, कारण वर्गात चित्रपटासारखे काहीच घडत नाही.

मग घडते तरी काय? मुलाने पांढरा सुती कराटे ड्रेस घालावयाचा व पांढरा पट्टा बांधावयाचा. कृत्रिम धाग्याच्या साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुरतेतही हा पोशाख सुतीच घ्यावा. येथील दमट हवेत घाम टिपणारे कापड हवे. चपला दाराबाहेर ठेवावयाच्या, नखे कापलेली असावयाची, आत शिरताना मान लववावयाची. पहिले काही महिने उभे राहणे, पाऊल टाकणे, श्वास सोडणे, सरळ ठोसा व साधा अडसर हीच उजळणी शेकडो वेळा चालते. ह्यास ‘किहोन’ म्हणतात. त्यानंतर ‘काता’, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठराविक क्रमाने करावयाच्या हालचाली. शेवटी ‘कुमिते’, म्हणजे जोडीदाराबरोबरचा सराव. तोही आरंभी मोजून, सांगून, एकेक पावलाचा. जोडीदाराच्या अंगापासून बोटभर अंतरावर मूठ थांबविता येणे, ही ह्या सरावातील मोठी परीक्षा. मारता येणे सोपे. मारता येत असून थांबणे अवघड.

पट्ट्यांचे रंग शाळेशाळेत निराळे असतात. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची ही पद्धत जिगोरो कानो ह्यांच्या ज्यूदोमधून कराटेने उचलली. काळा पट्टा हा शेवट आहे असे पुष्कळांस वाटते. परंतु त्या विद्येत तो शिक्षणाचा खरा आरंभ मानितात, आणि तेथवर जावयास सामान्यतः कित्येक वर्षे लागतात.

आता नमस्काराचा प्रश्न. वर्गाच्या आरंभी व अखेरीस मुले गुडघ्यांवर बसतात, क्षणभर डोळे मिटतात, आणि समोरच्या भिंतीस, गुरूस व एकमेकांस वाकून नमस्कार करितात. भिंतीवर बहुधा एखाद्या दिवंगत आचार्याची तसबीर असते. ही पूजा आहे काय? ख्रिस्तसभेने अशा प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. २६ मे १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार मंडळाने जपानमधील कॅथॉलिकांस असे मार्गदर्शन केले की, देशबांधव ज्या कृतींकडे केवळ नागरी आदराची खूण म्हणून पाहतात, त्यांत भाग घेण्यास हरकत नाही. पुढे ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप पायस बारावे ह्यांच्या संमतीने, मृतांपुढे अथवा त्यांच्या तसबिरींपुढे आदराने मान लवविणे योग्य आहे, असे चीनविषयीच्या निर्णयात सांगितले गेले. आपणही शाळेत गुरुजी वर्गात शिरताच उभे राहतो आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. त्यात पूजा नसते, मान असतो. डोळे मिटून बसण्याविषयीही हाच विवेक ठेवावा. शरीर शांत होणे चांगले. परंतु ती शांती म्हणजेच प्रार्थना नव्हे, असे रोमने १९८९ सालच्या ख्रिस्ती ध्यानावरील पत्रात बजाविले आहे. मात्र एखाद्या वर्गात दैवताची आराधना अथवा मंत्रपठण सक्तीचे असेल, तर नम्रपणे नकार द्यावा व दुसरा वर्ग पाहावा.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, असे शिकविणाऱ्या प्रभूच्या अनुयायाने मूठ वळावयास शिकावे काय? सूड घेऊ नये, ही ती आज्ञा. तिला अपवाद नाही. परंतु त्याच प्रभूस महायाजकाच्या घरी एका शिपायाने चपराक मारिली, तेव्हा त्याने उलट हात उगारिला नाही आणि मुकाट्याने अन्यायास होकारही दिला नाही. का मारिलेस, असे त्याने विचारिले. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी असे प्रतिपादिले की, स्वतःचा जीव वाचविण्याचा हेतू रास्त आहे; परंतु गरजेहून अधिक बळ वापरिल्यास ते कृत्य अयोग्य ठरते. १९९२ सालच्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने हाच विचार स्वीकारिला आहे. आपल्या देशाचा कायदाही तसेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात. तथापि बचावास आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क त्यांत नाही. फुनाकोशींच्या शिकवणीचे सारही हेच, की कराटेत पहिला वार आपला नसतो. कामाकुरा येथील त्यांच्या स्मारकशिळेवर हाच विचार कोरलेला आहे.

बळ व संयम एकत्र असले म्हणजे काय होते, ह्याची आठवण सुरतेच्या इतिहासातही आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. मोगलांच्या त्या श्रीमंत बंदरात त्या वेळी फादर अँब्रोज नावाचे कपुचिन धर्मगुरू राहत होते. फ्रेंच प्रवासी बर्निए ह्यांनी लिहून ठेविले आहे की, हे पाद्री भले लोक आहेत, त्यांस उपद्रव देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती, आणि त्यांच्या मठास कोणी हात लाविला नाही. शहर हाती आले असताना एका दारापाशी हात आखडणे, हे दुबळ्याचे काम नव्हे. मराठी ख्रिस्ती मुलांस ही हकीकत अवश्य सांगावी.

मुलींच्या बाबतीत तर आम्हांस संकोच धरण्याचे कारणच दिसत नाही. कारखान्यातील पाळी सुटल्यावर किंवा शिकवणीहून सायंकाळी एकटी परतणारी मुलगी ताठ मानेने चालते, मोठ्याने ‘थांब’ म्हणू शकते आणि वेळीच पळ काढण्याचे भान राखिते, एवढे झाले तरी फी वसूल झाली. सरकारनेही शाळांतील मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ३ महिन्यांच्या आत्मरक्षण प्रशिक्षणाची योजना आखिली आहे. परंतु ३ महिन्यांत युक्ती कळते; ती अंगवळणी पडावयास वर्षे लागतात. वयाचीही भीती नको. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा स्त्रियांच्या काता प्रकारात सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पेनच्या सांद्रा सांचेझ ३९ वर्षांच्या होत्या. घरातल्या आईनेही मुलीबरोबर नाव घातले तर बिघडले कोठे?

वर्ग निवडताना आईबापांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. शिक्षक कोणाचा शिष्य व कोणत्या शाखेचा, हे विचारावे. सच्चा शिक्षक ते आनंदाने सांगतो. वर्षभरात काळा पट्टा देण्याचे आश्वासन मिळाले किंवा परीक्षांची फी वारंवार मागितली जाऊ लागली, तर तो पट्ट्यांचा बाजार समजावा. आईबापांस बसून वर्ग पाहू दिला पाहिजे. दार बंद ठेवणाऱ्या वर्गात मूल घालू नये. बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला, परंतु आईबापांची नजर हे पहिले संरक्षण होय. दमा, हृदयविकार अथवा जुनी दुखापत असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. आणि पट्ट्यांच्या परीक्षा व स्पर्धा बहुधा रविवारी असतात. तेव्हा शनिवारी सायंकाळची किंवा रविवारची दुसऱ्या वेळेची मिस्सा कोठे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे. देहाच्या शिस्तीसाठी आत्म्याची शिस्त मोडू नये.

धावपटू व मुष्टियोद्धा ह्यांचे दाखले देऊन संत पौलाने करिंथकरांस देह ताब्यात ठेवावयास सांगितले. आमच्या काळात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या क्रीडांगणावर खेळाडूंचा ज्युबिली सोहळा साजरा केला. तेव्हा क्रीडा ही ख्रिस्तसभेस परकी नाही. आमची धर्मग्रामांस एक विनंती आहे. पुष्कळ आईबाप मुलींस दूरच्या वर्गास धाडू शकत नाहीत; पाळीची कामे असतात, रिक्षाचे भाडे परवडत नाही. चर्चचे सभागृह आठवड्यातून दोन सायंकाळी चांगल्या शिक्षकास खुले करावे, मंडळातील एका भगिनीने तेथे बसावे, आणि वर्ग सर्व धर्मांच्या मुलांस मोकळा असावा. झाडलोट केलेली जमीन, चांगला उजेड आणि वक्तशीर शिक्षक, एवढ्या साहित्यावर आरंभ करिता येतो.