पुरातून घरापर्यंत

चेन्नई महानगराच्या उत्तर टोकास, कोसस्थलैयार नदी जेथे खाडीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते, तेथे एन्नोर वसले आहे. एका बाजूस कोळ्यांच्या वस्त्या, तर दुसऱ्या बाजूस बंदर, कारखाने आणि वीजकेंद्रांची उंच धुरांडी. या दोन्ही जगांत सहजपणे वावरणारा तिसरा रहिवासी म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा. वाळूवर ओढलेल्या होडीच्या सावलीत तो निजतो, जाळ्यांतून निवडून टाकलेल्या मासळीवर गुजराण करतो आणि पाळी सुटण्याच्या वेळी चहाच्या टपरीसमोर शेपूट हलवीत उभा राहतो. महाराष्ट्रात त्याला मोत्या किंवा वाघ्या म्हणतात, तमिळ वस्तीत बहुधा ‘मणी’. नाव त्याला सर्वत्र मिळते. घर मात्र क्वचितच लाभते.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईला झोडपले, तेव्हा पुराच्या पाण्याबरोबर तेलाचा तवंग एन्नोरच्या खाडीत पसरला. होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या पडल्या. तेलाने पंख माखलेल्या पाणकोळ्यांची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. अशा आपत्तीत माणूस आपले किडूकमिडूक घेऊन निवाऱ्यास जातो. ज्याचे कोणी नाही अशा मुक्या जिवाने जावे कोठे? या शहराला हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक उत्तर याच शहरात, अशाच एका पुराने दिले होते.

दोन पिल्लांची गोष्ट

१९५९ च्या पावसाळ्यात मद्रासमध्ये पाणी साचले असता वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम् यांना पुरात गटांगळ्या खाणारी कुत्र्याची दोन पिल्ले दिसली. त्यांनी ती उचलून घरी आणली. त्यांच्या पत्नी उषा सुंदरम् याही वैमानिक होत्या. १९५१ मध्ये या दांपत्याने लंडनहून मुंबईपर्यंतचा विमानप्रवास सुमारे २७ तासांत पूर्ण केला होता. आकाशात विक्रम करणाऱ्या या जोडप्याच्या घरात त्या दोन पिल्लांनी एका मोठ्या कार्याचा पाया घातला. त्यातूनच ‘ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली.

त्या काळी भटकी कुत्री पकडून मारणे हाच नगरपालिकांचा मार्ग होता. मद्रासमध्ये ही पद्धत १८६० पासून चालत आली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे दिवसाला शंभराहून अधिक कुत्री मारली जात, तरीही त्यांची संख्या घटली नाही. रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येत आणि पुन्हा पिल्ले जन्मत. नसबंदी आणि रेबीजची लस हाच खरा उपाय, असे संस्थेने १९६४ पासून मांडले. महानगरपालिकेने तो १९९६ मध्ये स्वीकारला. पुढे २००१ मध्ये त्यासंबंधीचे नियम देशभर लागू झाले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

तथापि, नसबंदीने पुढची पिढी थांबते. आज रस्त्यावर असलेल्या जिवाला त्यामुळे घर मिळत नाही. ते काम सरकारचे नव्हे, कुटुंबाचे आहे.

निवड आणि पहिले दिवस

आपल्या परंपरेत कुत्रा परका नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी तो आहे, खंडोबाच्या सोबतीस तो आहे. मात्र दारात भाकरीचा तुकडा घालणे आणि उंबरठ्याच्या आत घेणे यांत मोठे अंतर आहे. ते ओलांडण्यापूर्वी घरातील सर्वांची संमती हवी. मुलांच्या हट्टापायी आणलेले पिल्लू महिन्याभरात आजीच्या गळ्यात पडणार असेल, तर आजीचे मत आधी विचारलेले बरे.

पिल्लू आणावयाचे झाल्यास ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. मोठा कुत्रा घेण्यास अनेकजण कचरतात. पण त्याचा स्वभाव आणि आकार आधीच कळलेला असतो. कानाची कड कापलेली दिसली, तर नसबंदी झाल्याची ती खूण समजावी. आपल्या मातीतला हा कुत्रा दमट उन्हाळ्यास सरावलेला असतो. दाट केसांच्या परदेशी जातींना तोच उन्हाळा जाचक ठरतो.

नव्या घरी आलेला कुत्रा पहिल्या दिवशी बहुधा पलंगाखाली शिरतो, खात नाही, हाक मारली तर अंग चोरतो. कुटुंबाचा हिरमोड होतो तो येथेच. ‘एवढ्या मायेने आणले आणि हा जवळही येत नाही,’ असे वाटू लागते. परंतु ज्याने आजवर दगड आणि काठीच पाहिली, त्याला उगारलेला आणि कुरवाळणारा हात वेगळा ओळखण्यास वेळ लागणारच. जाणकार तीनाचे गणित सांगतात: भीती ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत कळण्यास तीन आठवडे आणि हे घर आपले आहे असा विश्वास बसण्यास तीन महिने. या काळात एक ठरलेला कोपरा, ठरलेली जेवणाची वेळ आणि शांत आवाज एवढेच पुरे. एके दिवशी तो आपणहून येऊन पायाशी बसतो.

जमाखर्च

हा व्यवहार दीर्घ मुदतीचा आहे. कुत्रा साधारणपणे बारा ते पंधरा वर्षे जगतो. खाणे, दरवर्षीची रेबीजची लस, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लसी, जंतांचे औषध, गोचिडांवरचा उपाय हा नेहमीचा खर्च झाला. आजारपण सांगून येत नाही. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकणे शहाणपणाचे. गोचिडांमुळे होणारा ताप किनारपट्टीच्या दमट हवेत विशेष जपण्याजोगा. ताटातले सारेच त्याला चालत नाही. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषासमान आहेत. भर दुपारी तापलेल्या डांबरावर फिरविल्यास पंजे पोळतात, म्हणून फेरफटका पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच असावा.

शेजारधर्मही तितकाच महत्त्वाचा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु हक्काबरोबर कर्तव्य येते: गळ्यात पट्टा, हातात साखळी, घाण उचलण्याची तयारी, आणि चेन्नईसारख्या शहरात महानगरपालिकेचा परवाना.

बदलीचा हुकूम

खरी कसोटी मात्र पुढेच असते. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते आणि ‘याचे काय करायचे?’ हा प्रश्न उभा राहतो. काही कुत्री त्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येतात. घराची सवय झालेला कुत्रा गल्लीत टिकत नाही. गल्लीतली कुत्री त्याला आपल्यात घेत नाहीत आणि तो दिवसचे दिवस बंद दारापाशी बसून राहतो. कारणाशिवाय प्राण्यास टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्राणिप्रेमींना भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा देताना, ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली. वस्तुतः सोय असतेच: रेल्वेत पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित करून कुत्र्यास सोबत नेता येते, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत त्याची व्यवस्था होते.

पुरातून पिल्लू उचलण्यास एक क्षण पुरतो. ते उचलणे सार्थ करण्यास पुढची बारा वर्षे द्यावी लागतात. सुंदरम् दांपत्याचे मोठेपण त्या क्षणात होतेच, पण त्याहून अधिक ते नंतरच्या वर्षांत होते. एन्नोरच्या होडीखाली निजलेल्या एखाद्या मणीस उद्या कोणी घरी नेले, तर त्याला महालाची अपेक्षा नसेल. संध्याकाळी कुलूप उघडण्याचा आवाज यावा आणि आत येणारी पावले कालचीच असावीत, एवढेच त्याचे मागणे. ते पुरविण्याची ज्याची तयारी आहे, त्याने दार जरूर उघडावे.