आधी कथा, मग व्याख्या

ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली संपली आणि तीन वर्षांनी, १५६६ मध्ये, रोमने कॅथलिक श्रद्धेचा पहिला मोठा अधिकृत शिकवणग्रंथ, म्हणजे कातेकिझम, काढला. विश्वासांगीकार, सात साक्रामेंत, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना असे त्याचे चार भाग. हा ग्रंथ सामान्य भाविकाच्या हाती द्यायचा नव्हता. तो गावोगावच्या धर्मगुरूंसाठी होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कातेकिझमलाही तेच चार खांब आहेत. त्यात २,८६५ परिच्छेद आहेत आणि तो प्रामुख्याने बिशपांना उद्देशून लिहिलेला आहे. म्हणजे दोन्ही वेळा चर्चने काय शिकवायचे ते नेमके ठरवले, पण मिस्सा संपवून शेताकडे किंवा लोकलकडे निघालेल्या माणसाच्या गळी ते कसे उतरवायचे, हे शिकवणाऱ्यावर सोपवले. हे दुसरे काम पहिल्याहून सोपे समजले जाते, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. या कामाचा सर्वांत विचारपूर्वक केलेला मराठी प्रयत्न चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टीत झाला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेले जेज्वीट. १५७९ साली ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीच्या गावांत गेले. त्याआधीच्या पिढीत सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना गोळा करत आणि त्यांच्याकडून धर्मतत्त्वे घोकून घेत. घोकंपट्टीला मी नावे ठेवणार नाही. पाठ झालेली प्रार्थना म्हातारपणीही ओठांवर येते. पण पाठ झालेल्या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न वय वाढल्यावर पडतो, आणि तेव्हा समोर कोणी नसते. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या स्टीफन्सकृत ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच असा प्रश्नकर्ता उभा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हांला का रचून देत नाही? धर्मग्रंथाच्या दारातच कवीने श्रोत्याची तक्रार मांडली आहे, आणि पुढच्या सुमारे अकरा हजार ओव्या हे तिचे उत्तर आहे.

हे उत्तर पुराणाच्या रूपात आले ते केवळ लोकांना ओवीची गोडी होती म्हणून, असे सहसा सांगितले जाते. मला कारण अधिक खोल वाटते. प्रेषितांचा विश्वासांगीकार नीट वाचला तर त्याचा गाभा व्याख्यांचा नाही, घटनांचा आहे. ख्रिस्त जन्मला, पोंतिअस पिलाताच्या अमदानीत त्याने दुःख भोगले, तो क्रुसावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. एका रोमन सुभेदाराचे नाव रोजच्या प्रार्थनेत येते, ते ही गोष्ट एका ठरावीक काळात, ठरावीक जागी घडली हे सांगण्यासाठी. अवतारकथांवर वाढलेल्या साष्टीतल्या श्रोत्याला ‘देव माणूस झाला’ हे वाक्य कठीण नव्हते. उलट फारच सहज पटण्याजोगे होते. कठीण होते ते हे, की कॅथलिक श्रद्धेनुसार असे एकदाच घडले आणि पुन्हा घडायचे नाही. हे एकदाचेपण व्याख्येने सांगता येते, पण मनात भिनत नाही. क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन आणि जुन्या करारातल्या पिढ्यांची प्रतीक्षा येते. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. एका दिशेने जाणारी ही लांबलचक कथा ऐकताना मूळ पाप म्हणजे काय आणि तारणाऱ्याची गरज का, हे वेगळे शिकवावे लागत नाही. इथे कथेची लांबीच शिकवण होते.

भाषेबाबतही त्यांची भूमिका स्पष्ट आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सांगतात, की शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही म्हणून आपण जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि सोपे बोलीतले शब्द ठिकठिकाणी मिसळले. लिपीसाठीही त्यांनी खटपट केली. १६०८च्या पत्रात त्यांनी रोममधल्या वरिष्ठांकडे या देशाच्या लिपीत छपाई करू देण्याची विनंती केली. अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील असा हिशेबही मांडला. ते जमले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. ईश्वरविद्येचा पंडित खिळ्यांची संख्या मोजत बसतो, यातच सामान्य वाचकाविषयीची त्याची कळकळ दिसते.

यावर एक आक्षेप असा, की हे सगळे सत्तेच्या सावलीत झाले. ते खरेच आहे. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते, आणि ‘बंद केलीत’ ही श्रोत्याची तक्रार त्याच जखमेतून येते. त्या सक्तीचे समर्थन होऊ शकत नाही आणि ग्रंथाच्या सौंदर्याने ती झाकूही नये. पण श्रोत्याने मागितले ते समजून घेण्याचे साधन होते, आणि ते त्याच्याच ओवीत देणे ही सत्तेची रीत नव्हती. सत्तेची रीत १६८४ च्या फर्मानात दिसते: स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. असे असूनही क्रिस्तपुराण हस्तलिखितांतून टिकले. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले ते अशाच प्रतींच्या आधारे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कथेने सिद्धांत सैल होतो, आणि पवित्र त्रैक्याची किंवा साक्रामेंतांची गोष्ट सांगता येत नाही. हे मला मान्य आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत, हे सांगायला काटेकोर वाक्यच लागते. स्टीफन्सनाही ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिना क्रिस्तां’ वेगळी लिहिली, तीही घराघरातल्या कोंकणीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. पुराण आणि प्रश्नोत्तरी एकमेकांची जागा घेत नाहीत. आज वसईच्या किंवा मुंबईच्या एखाद्या धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलाला सात साक्रामेंतांची नावे येतात, पण शेवटच्या भोजनाच्या रात्री त्या मेजाभोवती काय घडले आणि ते वल्हांडणाच्या सणाशी कसे जोडलेले होते, हे ठाऊक नसेल, तर ‘हे माझे शरीर आहे’ हे वाक्य त्याला मंत्रासारखे वाटणार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेची वाट मोकळी केल्याला साठ वर्षे झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ही मराठीत आले. तेव्हा भाषेची अडचण आता उरलेली नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात वल्हांडणाच्या मुळाशी असलेल्या इजिप्तमधल्या त्या रात्रीपासून, दाराच्या चौकटीला लावलेल्या कोकराच्या रक्तापासून, सुरुवात करता येईल. व्याख्या त्यानंतरच्या रविवारी आली तरी चालेल.