ताबा घेण्यापूर्वी तपासणी : एजंट व तपासनीस यांची भूमिका

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात नव्या सदनिकेचा ताबा घेताना ग्राहक पेढे नेतो, दाराला हार घालतो आणि विकसकाच्या कागदावर स्वाक्षरी करून मोकळा होतो. न्हाणीघराचा उतार नेमका कोणत्या दिशेला आहे, हे त्याला पहिल्या आंघोळीनंतर कळते! गृहतपासनीस हा व्यवसाय आपल्याकडे रुजू लागला, तो याच गरजेतून.

तपासनीस लाद्यांवर ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहतो, ओलावामापक भिंतीला लावतो, सॉकेटचे अर्थिंग तपासतो आणि लेझर मीटरने कार्पेट क्षेत्र मोजतो. रेरा कायद्यानुसार या क्षेत्रात आतील भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती व बाल्कनी वगळली जाते. मात्र वीज व पाणी सुरू नसेल, तर निम्मी तपासणी व्यर्थ ठरते. ती सोय करून घेणे, किल्ली व मंजूर नकाशा मिळवणे हे एजंटचे काम. त्यानंतर छायाचित्रांसह तयार झालेला अहवाल विकसकाच्या गळी उतरवण्यासाठीही त्याचीच मध्यस्थी उपयोगी पडते. रेराच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत संरचनेतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास विकसकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तोंडी तक्रारीपेक्षा दिनांकित अहवाल येथे अधिक वजनदार ठरतो.

जुन्या घराच्या व्यवहारात गणित बदलते. तेथे दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा लागतो. शिवाय गृहतपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना ते बंधनकारक आहे. त्याचा अहवाल सोसायटीकडून एजंटमार्फत मागवावा.

खरी मेख आहे ती हितसंबंधांत. एजंटला दलाली मिळते ती व्यवहार पूर्ण झाला तरच; त्यामुळे गंभीर दोष दाखवणारा अहवाल त्याला अडचणीचा वाटू शकतो. तपासनीस त्यानेच सुचवला असेल, तर तपासनीसाचीही जीभ अडखळण्याचा संभव असतो. अमेरिकेतील गृहतपासनीसांच्या 1976 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत, काम मिळवून दिल्याबद्दल एजंटला मोबदला देण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे एजंटला महारेराची नोंदणी आवश्यक आहे, 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षेची अटही आली. तपासनीसासाठी मात्र रेरात अशी तरतूद नाही. म्हणून त्याची अभियांत्रिकी पात्रता विचारावी, पूर्वीच्या अहवालाचा नमुना पाहावा, शुल्क स्वतः द्यावे आणि अहवाल थेट आपल्याच हाती घ्यावा. एजंटला प्रत नंतर देता येते.

जुने घर घेताना तपासणी टोकन देण्यापूर्वी झाली तर उत्तमच. ते शक्य नसेल, तर मोठा दोष आढळल्यास टोकन परत मिळेल, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ही अट मान्य करवून घेण्याची जबाबदारी एजंटवर टाकावी. दलाली तो त्यासाठीच घेतो.