निळा दगड, किंमत किती?

साकीनाक्याच्या आमच्या हॉस्टेलवर एका दगडावरून दोन रात्री गप्पा रंगल्या, त्याला कारण पैसा! माझा रूम पार्टनर वाघोलीचा. तिथल्या खडीच्या खाणीतून मामांनी जपून ठेवलेला निळ्या गोळ्यांचा दगड त्याने आणला होता. "विकून फीला हातभार लागेल का रे?" हा त्याचा प्रश्न. एक गिऱ्हाईक ‘रंगवलेला आहे’ म्हणून चहापाण्याइतकेच पैसे देत होतं.

हे खनिज म्हणजे कॅव्हान्साईट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून हे नाव पडलं. 1973 साली अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, पण संग्राहक जीव टाकतात ते वाघोलीच्या नमुन्यांवर! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाण्यातून त्यांत खनिजं साचली. निळाई व्हॅनेडियमची.

आता असली-नकली. ओकेनाईट नावाच्या खनिजाचे कापसासारखे पांढरे गोळे निळे रंगवून विकतात. भिंगातून त्याचे केसासारखे तंतू दिसतात. कॅव्हान्साईटच्या गोळ्यात मात्र चपटे, चकचकीत स्फटिक दाटीने बसलेले असतात. कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा हलकेच टेकवा, कापूस निळा झाला तर समजा रंग. दुसरी लबाडी अवघड. गोळा खरा, पण निखळलेला आणि स्टिल्बाईटवर गोंदाने चिकटवलेला. दहापट भिंगाने बुडखा बघा. साकीनाक्याच्या गाळ्यांत वेल्डिंग पाहिलेल्यांना जोड ओळखता यायलाच हवा! शंका उरलीच तर रामन स्पेक्ट्रोस्कोपी, नमुना न फोडता उत्तर मिळतं. पेंटागोनाईट हा त्याचा जुळा भाऊ. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी, आणि तो जास्त दुर्मिळ.

किंमत वजनावर ठरत नाही. गडद रंग, गोळ्याचा आकार, खाली पांढऱ्या स्टिल्बाईटची शाबूत बैठक आणि सर्वात मुख्य म्हणजे न तुटलेले स्फटिक, हे बघतात. खनिज ठिसूळ, काठिण्य जेमतेम 3 ते 4, त्यामुळे नखाएवढा टवका उडाला तरी भाव कोसळतो. रचनेत पाणी आहे, म्हणून तापवू नका. ॲसिडने धुण्याचा उद्योग तर मुळीच नको.

पार्टनरचा दगड खरा निघाला. एका गोळ्याची कड मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणताना गेली होती. त्याला म्हटलं, आधी मामांना फोन कर आणि कुठली खाण, कुठलं वर्ष हे चिठ्ठीवर लिहून घे. त्या चिठ्ठीलाही मोल असतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून आल्याशिवाय भाव ठरवायचा नाही, असं आता त्याचं चाललंय.