पानिपतची हवा, पानिपतची पाठ

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. आजचं पानिपत सतरंज्यांचं, ब्लँकेटांचं आणि जुन्या कपड्यांपासून 'शॉडी' सूत काढणाऱ्या कारखान्यांचं शहर आहे. परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या ढिगाशी बायका जमिनीवर बसतात आणि बटणं, चेन कापून वेगळ्या करतात. पाठ दिवसभर वाकलेली, हवेत तंतूंची धूळ. योगाची गरज इथे सहज पटते. पण योगाबद्दलचे चुकीचे समजही इथेच जास्त महागात पडतात.

गैरसमज : योग म्हणजे आसनं.
वस्तुस्थिती : 'योग' शब्द ज्या 'युज्' धातूपासून आला, त्याचा अर्थ जोडणं, जुंपणं आणि चित्त एकाग्र करणं असाही होतो. बैलांच्या मानेवरचं 'जू' याच कुळातलं. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या आठ अंगांत आसन तिसरं आहे. त्याआधी यम-नियम येतात, म्हणजे वागणुकीची शिस्त. खुद्द आसनावर तिथे जेमतेम तीन सूत्रं आहेत. घरोघरी पोचलेल्या सूर्यनमस्काराचा आधुनिक प्रसार तर विसाव्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला.

गैरसमज : प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो.
वस्तुस्थिती : निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेलं असतं. उलट भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. प्राणायामाचा खरा लाभ संथपणात आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, की शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था जोर धरते आणि मनाची घालमेल कमी होते. या गोष्टी यंत्रांनी मोजून पाहायची वाट स्वामी कुवलयानंदांनी दाखवली. त्यासाठी १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था उभारली.

गैरसमज : पहाटे उघड्यावर केलेला योग केव्हाही उत्तम.
वस्तुस्थिती : पानिपत दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात मोडतं. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकते आणि तिच्यासोबत धूर व सूक्ष्म कणही. अशा पहाटे बागेत कपालभाती केली तर भराभर श्वासांबरोबर तेच कण फुप्फुसांत जातात. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी घरातच, संथ श्वसन करावं.

गैरसमज : योग सुरू केला की औषधं सुटतात.
वस्तुस्थिती : जुनाट कंबरदुखीत योगाचा उपयोग होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांआधी करून पाहायच्या उपायांत त्याचा समावेश केला. रक्तदाब आणि मधुमेहात योग जोडीला हवाच, पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणं धोक्याचं. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन टाळावं, कारण त्यात डोळ्यांतला दाब वाढतो.

कपडे निवडणारी बाई जेवणाच्या सुट्टीत उठून ताडासनात दोन्ही हात वर ताणते, तेव्हा सकाळपासून दुमडलेला कणा मोकळा होतो. हे पाच मिनिटांचं काम तिला रोज करता यावं. त्या शेडमधली धूळ मात्र कुठल्याही आसनाने कमी होणार नाही. तिथे हवा बाहेर खेचणारे पंखे आणि चांगले मास्क मालकानेच द्यायला हवेत.