तो 1 टक्का

पळस्पे फाट्याच्या अलीकडच्या एका पेट्रोल पंपावर मी गेले ती तिथे पेट्रोल भरणाऱ्या ताईंची मान बघून. दुचाकीच्या टाकीत नोझल गेलं की त्या मान वळवतात. मीटरकडे बघायला नव्हे, मीटर दुसऱ्या बाजूला असतो. गोवा हायवेच्या दिशेला तोंड करून त्या दोन-तीन क्षण श्वास रोखतात आणि मग "पाचशे झाले" म्हणत नोझल काढतात. ओढणी नाकावरून कानामागे खोचलेली.

सकाळी पंपाच्या टाक्यांची डिप घ्यायची, म्हणजे आतल्या इंधनाची पातळी मोजायची, घनता तपासायची, पाच लिटरच्या मापाने मशीन बरोबर देतंय का ते बघायचं, की शिफ्ट सुरू. त्यानंतर दिवसभर "झिरो बघा".

गाडीची रिकामी टाकी खरी रिकामी नसतेच. तिच्यात पेट्रोलची वाफ भरलेली असते. पेट्रोल आत उतरतं तसतशी ती वाफ बाहेर येते, ती वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. डिझेलच्या ट्रकांना हा त्रास कमी, कारण डिझेल इतक्या सहज उडत नाही. स्कूटरची सीट उचलली की मात्र वाकण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातून नोझल आपोआप बंद पडल्यावरही गिऱ्हाईक म्हणतं, "अजून बसेल, टाका." त्या वाढीव थेंबांसाठी ताई आणखी खाली वाकतात.

"वासाने डोकं नाही दुखत?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात दुखायचं. आता मला वास येतच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नाक सरावलं म्हणजे शरीर सरावलं असं होत नाही. पेट्रोलमधलं बेंझिन हाडांतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच घाव घालतं. रक्ताचा कर्करोग त्यामुळे होतो हे कित्येक वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

मॅनेजर सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, आता पूर्वीसारखं नाही. बेंझिन जास्तीत जास्त 1 टक्का." खरं आहे. भारत स्टेज सहाच्या पेट्रोलला तीच मर्यादा आहे आणि आधीच्या काळापेक्षा ती कितीतरी चांगली. पण हा 1 टक्का आणखी एका ठिकाणी भेटतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1971 मध्ये बेंझिनबद्दल करार केला, भारताने तो 1991 मध्ये स्वीकारला. कामावर घेण्याआधी रक्ततपासणी, पुढे ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मात्र तो लागू होतो 1 टक्क्याहून अधिक बेंझिन असलेल्या पदार्थांना. म्हणजे पेट्रोल सुधारलं आणि ताई कराराच्या बाहेर पडल्या. मार्च 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनच नव्हे, अख्खं पेट्रोल निश्चित कर्करोगकारक गटात घातलं. त्या 1 टक्क्याचा दिलासा मला तरी पुरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांच्या जागेचे नियम केले. शाळा, रुग्णालयं, वस्ती यांपासून पंप 50 मीटर लांब हवा; जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून थोडं जवळ चालेल, पण 30 मीटरच्या आत मुळीच नाही. मुलांसाठी हे हवंच. ताईंचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. त्याच्या शाळेपासून पंप किती लांब असावा हे सरकारने मोजून ठरवलं. त्याची आई टाकीच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभी असते.

वाफ परत ओढून घेणारी नोझल असतात. शहराची लोकसंख्या आणि पंपाचा खप बघून ती सक्तीची केली आहेत. ती सगळ्याच पंपांवर यायला हवीत. तोवर निदान वर्षातून एकदा रक्त तपासावं. साध्या तपासणीत पेशी कमी झालेल्या दिसल्या, तर पुढचं वेळेत कळू शकतं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा मागे सहा स्कूटर उभ्या होत्या. नोझल जागेवर लावत त्यांनी विचारलं, "सरकारी दवाखान्यात होते का ही?"

होते, म्हटलं, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात.

"पण सकाळीच ना? सकाळी माझी ड्युटी असते."