आकडा खरा यावा म्हणून
कीड सर्वेक्षणात वरिष्ठांच्या भावनिक बुद्धिमत्तेचे स्थान

म्हैसूर परिसरातील रेशीम संगोपनगृहात अळीच्या अंगावर उझी माशीचा काळा डाग उमटला, की तो प्रथम दिसतो पाला टाकणाऱ्या मजुराला. १९८० मध्ये ही माशी कर्नाटकात शिरली, तेव्हापासून तो डाग वेळीच कळणे महत्त्वाचे ठरले आहे. परंतु वार्ता आणणाऱ्यालाच बोलणी बसत असतील, तर तो डाग पाहूनही गप्प राहतो.

महाराष्ट्रात २००८ च्या हंगामात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याचा सारा डोलारा शेतातील नोंदींवर उभा आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ पतंग, अथवा दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा बोंडे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. नोंद आठाऐवजी पाच झाली, तर सल्ला निघत नाही आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. घरी बसून भरलेला आकडा संगणकाला ओळखता येईलच असे नाही.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन डी. मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली : स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचा विचारात उपयोग करणे. पुढच्याच वर्षी जॉन पी. मेयर आणि नताली ॲलन यांनी कर्मचाऱ्यांच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले : आपुलकीची, कर्तव्यभावनेची आणि नोकरी सोडल्यास होणाऱ्या तोट्याच्या हिशेबाची. हंगामापुरत्या नेमलेल्या सर्वेक्षकाची नोकरी हंगामासोबतच संपते. त्यामुळे तिसरी बांधिलकी फारशी उपयोगी पडत नाही. उरतात पहिल्या दोन, आणि त्या वरिष्ठांच्या वागणुकीतून घडतात.

यासाठी तीन गोष्टी सहज करता येतील. वाढीव आकडा आल्यावर ‘असे कसे झाले?’ याऐवजी ‘कोणत्या शेतात, केव्हा पाहिले?’ असे विचारावे. अधूनमधून सर्वेक्षकासोबत शेतात जाऊन स्वतः बोंडे फोडून पाहावीत. त्याच्या नोंदीवरून कोणता सल्ला निघाला, हे त्याला आवर्जून कळवावे.

याचा अर्थ चुकीकडे डोळेझाक करणे नव्हे. खोटी नोंद आढळल्यास जाब विचारावाच. मात्र चारचौघांत नव्हे. वाईट बातमी आणणे आणि खोटी बातमी आणणे यांतील भेद ज्या कार्यालयात पाळला जातो, तेथेच किडीची चाहूल वेळेवर पोहोचते.